जुन्या चित्रपट-व्हीसीडींवरील संकेतस्थळांच्या जाहिराती : एक दुर्लक्षित साधन

चित्रफितीच्या प्रारंभी किंवा व्हीसीडीच्या वेष्टनावर कंपनीचे संकेतस्थळ जाहीर करण्याची प्रथा 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात हॉलिवूडमध्ये रुजली. भारतात विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. तथापि यवतमाळसारख्या जिल्ह्यातील अनेक घरांत संगणकाआधी व्हीसीडी प्लेअर आला. पत्ता वाचला जाई, उघडला क्वचितच जाई.

मोझर बेअरने 2007 च्या सुमारास व्हीसीडी अवघ्या 28 रुपयांत उपलब्ध केली. 2018 मध्ये याच कंपनीच्या अवसायनाचा आदेश निघाला. कंपनी गेली की संकेतस्थळही बहुधा जाते. वॉर्नर ब्रदर्सने ‘स्पेस जॅम’चे 1996 चे संकेतस्थळ जपले, हा अपवादच म्हणावा लागेल.

2001 मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘वेबॅक मशीन’मध्ये अशी लुप्त पृष्ठे पुष्कळदा सापडतात; मात्र त्यासाठी बहुधा मूळ पत्ता अचूक ठाऊक असावा लागतो. तो वेष्टनावरच असतो. ग्रंथ प्रदान अधिनियम, 1954 मुद्रित साहित्यापुरता असल्याने या व्हीसीडी राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करण्याचे बंधन नव्हते. म्हणून यवतमाळ, पुसद वा वणी येथील महाविद्यालयीन ग्रंथालयांनी जुन्या व्हीसीडींचे निर्लेखन करताना निदान वेष्टनावरील पत्ता व वर्ष दाखलनोंदवहीत उतरवून ठेवणे आवश्यक आहे.