कपाटातला स्टुडिओ

ब्राउनश्वाइगमध्ये लेक झाली, तेव्हा तिच्यासाठी अंगाई लिहिली. रात्री दहानंतर शेजाऱ्यांची शांतता पाळायची, म्हणून त्याआधीच कपड्यांच्या कपाटात तोंड घालून मोबाईलवर गायलो. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही.

साताऱ्याहून आईनं साथ द्यायची होती. पण व्हिडिओ कॉलवर आवाज उशिरा पोचतो, लय जुळेना. जर्मनीची प्रमाणवेळ इथल्या पीटीबी संस्थेच्या अणुघड्याळांवर चालते, आणि आम्हाला साधा ठेका सापडेना!

मग माझं गाणं तिला पाठवलं. ते इअरफोनवर ऐकत, माझ्या चौथ्या टाळीला टाळी देऊन तिनं दुसऱ्या फोनवर आपला आवाज रेकॉर्ड केला. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाळ्या जुळवल्या. मागे कुकरची शिट्टी आलीच.

"पुसून टाक रे ती," आई म्हणाली.

नाही पुसली. आता शिट्टी झाल्याशिवाय लेक झोपत नाही.