गाढव, राजकन्या आणि परीकथेची टवाळी

एखाद्या कथेची चौकट जशीच्या तशी ठेवून तिच्यातील गांभीर्य तेवढे काढून घेणे याला विडंबन म्हणतात, आणि मूळ कथा ऐकणाऱ्याला तोंडपाठ असल्याशिवाय ते साधत नाही. मराठीत आचार्य अत्रे यांनी 1925 मध्ये ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध करून कवितेच्या विडंबनाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिच्यामागेही त्या काळच्या कवितेशी वाचकाची असलेली जवळीक हेच बळ होते. परीकथेच्या बाबतीत असे बळ जगभर उपलब्ध होते. फ्रान्समध्ये शार्ल पेरो यांनी 1697 मध्ये आणि जर्मनीत ग्रिम बंधूंनी 1812 पासून छापलेल्या कथा 1937 च्या ‘स्नो व्हाइट’पासून डिस्ने कंपनीने पडद्यावर आणल्या, आणि सुंदर राजकन्या, देखणा राजपुत्र व शापमुक्त करणारे चुंबन हा साचा कोट्यवधी मुलांच्या मनात पक्का बसला. 2001 मध्ये आलेल्या ‘श्रेक’ या विनोदी ॲनिमेशनपटाने, म्हणजे संगणकावर घडवलेल्या पात्रांच्या चलच्चित्राने, नेमका हाच साचा हाती घेतला.

अमेरिकी व्यंगचित्रकार विल्यम स्टाइग यांच्या 1990 च्या छोट्याशा चित्रपुस्तकावर हा चित्रपट बेतलेला आहे. दिग्दर्शन अँड्र्यू ॲडमसन आणि विकी जेन्सन यांचे असून निर्मिती ड्रीमवर्क्स या संस्थेची आहे. ही संस्था स्टीव्हन स्पीलबर्ग आणि डेव्हिड गेफन यांच्यासह स्थापन करणारे जेफ्री कॅट्झेनबर्ग 1994 मध्ये डिस्नेतून बाहेर पडले होते, आणि चित्रपटातील बुटका, अहंकारी सरदार फारक्वाड व त्याची झाडूनपुसून चकचकीत केलेली, प्रवेशद्वारी बाहुल्या गाणे म्हणणारी नगरी यांत डिस्नेवरील शेरेबाजी अनेक समीक्षकांना दिसली. चित्रपट सुरू होतो तो सोनेरी कडांच्या कथापुस्तकाने. राजकन्येची गोष्ट वाचता वाचता चित्रपटाचा नायक, श्रेक नावाचा राक्षस, त्या पुस्तकाचे पान फाडतो आणि शौचासाठी वापरतो. पुढे राजकन्या फियोना सकाळी रानात एका पाखराबरोबर सूर लावते, परीकथेतील नायिका लावते तसाच. तिचा स्वर चढत जातो, पाखरू फुगून फुटते, आणि क्षणभर वरमलेली राजकन्या घरट्यातल्या अंड्यांची न्याहारी रांधते. संपूर्ण चित्रपटाची रीत या एका प्रसंगात दिसून येते, कारण येथे टवाळी नायिकेची नसून तिच्याभोवती उभ्या केलेल्या गोडव्याची आहे.

हा चित्रपट 2001 च्या कान महोत्सवात मुख्य स्पर्धेत दाखवला गेला, आणि 2002 मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटासाठी प्रथमच देण्यात आलेले ऑस्कर त्याला मिळाले. पुरस्कारांपेक्षा अधिक लक्षात घेण्याजोगी गोष्ट मात्र बोलीची आहे. श्रेकला आवाज देणारे माइक मायर्स यांनी बरेचसे ध्वनिमुद्रण झाल्यावर आपले संवाद स्कॉटिश ढंगात पुन्हा म्हणण्याचा आग्रह धरला, आणि निर्मात्यांनी वाढीव खर्च सोसून तो मान्य केला. प्रतिष्ठितांच्या इंग्रजीत बोलणारा सरदार आणि गावरान वळणाने बोलणारा राक्षस समोरासमोर आले, तेव्हा प्रेक्षकाची सहानुभूती कोणाकडे जाणार हे वेगळे सांगावे लागले नाही.

ही युक्ती मराठी माणसाला नवी नाही. तमाशात गण, म्हणजे आरंभीचे गणेशस्तवन, झाल्यावर येणारी गौळण ही एका अर्थी कृष्णकथेचे विडंबनच असते, कारण मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना अडवणारा देव तेथे आपला सवंगडी पेंद्या याच्या संगतीने चावटपणा करतो आणि गवळणींची म्होरकी मावशी, जिचे सोंग पुरुषच घेतो, त्याची यथेच्छ खरडपट्टी काढते. त्यानंतरच्या वगात, म्हणजे सलग कथानक असलेल्या नाट्यभागात, राजा आणि प्रधान भारदस्त भाषेत बोलतात आणि सोंगाड्या, म्हणजे विनोदी नट, रोजच्या बोलीत त्यांची फजिती करतो. 1965 मध्ये रंगभूमीवर आलेल्या वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात हीच मांडणी होती, आणि त्यातील हवालदाराच्या भूमिकेने दादा कोंडके महाराष्ट्रभर पोचले.

‘श्रेक’शी खरे नाते मात्र हरिभाऊ वडगावकर यांच्या ‘गाढवाचं लग्न’ या वगाचे आहे. इंद्राच्या शापाने गाढव झालेला गंधर्व सावळ्या कुंभाराच्या घरी येतो, माणसासारखा बोलतो आणि राजकन्येशी लग्न लावून देण्याचा हट्ट धरतो, असे त्याचे कथासूत्र आहे. विक्रमादित्याचा पिता मानल्या गेलेल्या गंधर्वसेनाची जुनी दंतकथा या सूत्राच्या मागे उभी दिसते, कारण तिच्यातही शाप, गाढव, कुंभाराचे घर आणि राजकन्या हे सारे आहे. वगाने या अद्भुतकथेचा मध्यबिंदू हलवला: गंधर्व बाजूला राहिला आणि सावळ्या व त्याची बायको गंगी यांचा संसार पुढे आला. दादू इंदुरीकरांचा सावळ्या आणि प्रभा शिवणेकरांची गंगी ही जोडी रसिकांच्या मनात ठसली, पुढे प्रकाश इनामदारांनी हा प्रयोग चालवला, आणि 2007 मध्ये मकरंद अनासपुरे यांना घेऊन त्याचा चित्रपटही झाला. दरिद्री कुंभार गाढवाचे स्थळ घेऊन दरबारात उभा राहतो, तेव्हा हसू येते ते सावळ्याच्या साधेपणाचे आणि त्याहून अधिक राजाच्या अडचणीचे.

भुसावळ-मलकापूर लोहमार्गावरील बोदवडच्या परिसरात, जेथे लेवा गणबोलीत ‘डोळा’ सहज ‘डोया’ होतो आणि पश्चिमेकडे गेल्यावर अहिराणीचा मुलूख लागतो, तेथील श्रोत्याला बोलीवर उभ्या असलेल्या या विनोदाची किल्ली कोणी देण्याची गरज नसते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची कविता लेवा गणबोलीतली असूनही बोली ही केवळ हसवण्यासाठी वापरायची वस्तू आहे असा समज मराठी रंगभूमीवर व चित्रपटात दीर्घकाळ राहिला, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. सोंगाड्याची बोली राजाला हसते की राजा व प्रेक्षक मिळून त्या बोलीला हसतात, हा फरक प्रत्येक प्रयोगात तपासून पाहावा लागतो.

शेवटाच्या बाबतीत दोन्ही कृतींची वाट वेगळी होते. वगातील गाढव लग्नानंतर पुन्हा देखणा गंधर्व होते, म्हणजे तासभर थट्टा सोसलेली अद्भुतकथा अखेरीस आपला मान परत मिळवते. ‘श्रेक’मध्ये खऱ्या प्रेमाच्या चुंबनाने फियोनावरचा शाप सुटतो, पण ती कायमची राक्षसीण होते आणि त्यातच ती सुंदर ठरते; स्टाइग यांच्या पुस्तकातील राजकन्या तर आरंभापासूनच कुरूप आणि त्यात सुखी होती. कथानकाच्या धाडसात म्हणून ‘श्रेक’ पुढे आहे, सत्तेच्या टवाळीत मात्र वग पुढे आहे, कारण फारक्वाड हा एका कंपनीचा उपहास ठरतो, तर वगातला राजा हा कोणत्याही गावातील कोणताही अधिकारी असू शकतो. शिवाय वगाला उघड्या बोर्डापलीकडे काही लागले नाही. ‘श्रेक’ने मात्र ज्या मनोरंजन-नगरीची खिल्ली उडवली, तसल्याच युनिव्हर्सल कंपनीच्या उद्यानात 2003 मध्ये, म्हणजे अवघ्या दोन वर्षांत, त्याच्या नावाचा खेळ तिकीट लावून सुरू झाला.