वैमानिकाचे भूप्रशिक्षण : एक भाषिक विचार

वैमानिकाचे शिक्षण आकाशात होते, ही समजूत अर्धीच खरी आहे. वर्गात बसून त्याला जे शिकावे लागते त्यास भूप्रशिक्षण म्हणतात. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी हवाई नियम, मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र इत्यादी विषयांत ७० टक्के गुण आवश्यक असतात. पुढे विशिष्ट जातीच्या विमानाची सारी यंत्रणा काही आठवड्यांतच आत्मसात करावी लागते. या वेगाची चर्चा बहुधा स्मरणशक्तीच्या अंगाने होते. भाषेचे अंग उपेक्षित राहते.

रेडिओवरील संभाषणाची भाषा ही इंग्रजीतून कोरून काढलेली मर्यादित भाषा होय. तीत ‘रॉजर’ म्हणजे संदेश पूर्ण मिळाला, एवढेच. तो होकार नव्हे. सूचनेप्रमाणे करीन, असे सांगावयाचे तर ‘विल्को’ म्हणावे लागते. ३ चा उच्चार ‘ट्री’, ९ चा ‘नाइनर’. (मराठी विद्यार्थ्याचा ‘थ्री’ इंग्रजांचाही नव्हे आणि वैमानिकांचाही नव्हे!) अशी सूत्रे लवकर पाठ होतात, कारण त्यांत पर्यायाला जागाच नसते.

अडचण येते ती सूत्र संपते तेथे. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावर धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. डच सहवैमानिकाने ‘आम्ही आता टेक-ऑफला आहोत’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य उच्चारले. विमान सज्ज होऊन थांबले आहे, असे नियंत्रकाने मानले. वस्तुतः ते धावू लागले होते. चालू क्रिया दर्शविणारी डच रचना त्या इंग्रजी वाक्यात उतरली असावी, असे काही भाषाभ्यासकांचे अनुमान आहे. अपघाताची कारणे अनेक होती, आणि तो सहवैमानिक काही नवशिका नव्हता. तेव्हा प्रशिक्षणाच्या घाईला येथे दोष देता येणार नाही. परंतु अनुभवी माणसाच्या बाबतीतही ताणाखाली मातृभाषेची घडण वर येत असेल, तर आठवड्यांत घोकलेल्या सूत्रांवर किती विसंबावे? आता ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची अनुज्ञा देताना वा रद्द करतानाच वापरतात.

२००८ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय भाषामानकांत किमान चौथी पातळी अपेक्षित असून तिची फेरपरीक्षा साधारणतः दर तीन वर्षांनी होते. उच्चार, रचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन व संवाद ही तिची सहा अंगे. यांपैकी एकही पाठांतराने साधत नाही. यास्तव सूत्रांच्या घोकंपट्टीलाच भाषाशिक्षण समजणारे अभ्यासक्रम मुळातच चुकतात. त्यांतून बाहेर पडलेला विद्यार्थी नियंत्रकाची सूचना अचूक परत म्हणून दाखवितो. मात्र विमानात कसला वास येत आहे आणि तो कोठून, हे सांगताना तो अडखळतो.