डोकं दुखत न्हाई, मग बीपी कुठलं?

सकाळी ८.४५
कुलूप काढायच्या आधीच उपकेंद्राच्या पायरीवर तिघं बसलेली. साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून माझं हे पाचवं वर्ष. चालत आलेल्याला पाच मिनिटं गप्प बसवणं, हे या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम. एका मावशींचं बीपी १६८/९८. "मिश्री कधी लावली?" "ही काय, येता येता." अर्ध्या तासानं पुन्हा घेतलं, १५४/९४.

१०.१५
आबांनी गोळी बंद केली, कारण गेल्या खेपेला १३२/८० आलं होतं. आज १७०/१००. "डोकं दुखत न्हाई, मग बीपी कुठलं?" गोळीमुळंच ते खाली होतं, हे पटवायला मी ठिबकच्या नळ्या काढते. दाब वाढला तरी मोटार चालूच असते, पाणी येतंच असतं. बिघाड होतो तो बारीक नळ्यांत, नजरेआड. डोळ्याच्या पडद्यातल्या आणि मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्या अशाच बारीक. आबा डाळिंबवाले, लगेच मान डोलावली.

११.३०
बीपीनं काय होतं, हे मी प्रत्येकाला विचारते. लकवा सगळ्यांना ठाऊक, भावकीत कुणीतरी खाटेवर असतंच. हार्ट अटॅकही निम्मे जण सांगतात. डोळ्यांचं कुणी बोलत नाही. अंधुक दिसलं की मोतीबिंदू. किडनीचं नाव मात्र निघतं, तेही उलटं: "बीपीच्या गोळ्या खाऊन किडनी जाती." हेच लोक गुडघ्यासाठी मेडिकलातून वेदनाशामक आणून महिनोन्‌महिने खातात, ज्यानं बीपीही वाढतं आणि किडनीलाही इजा होते. भीती आहे, पण भलत्याच गोळीची. इथं माझा आवाज चढतो.

गोळ्या बहुधा असतात. भंडारा, वर्धा, सिंधुदुर्गाबरोबर सातारा उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या टप्प्यातच आला. महिन्याची अम्लोडिपिन देऊन कार्डावर पुढची तारीख घालते.

१.३०
डबा. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असं सकाळभर सांगून मी शेंगदाण्याची चटणी उघडते. आशाताई हसतात.

३.००
आशाताईंबरोबर गृहभेट. शेचाळिशीचा गडी, उजवी बाजू लुळी. लकव्यात गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ही माणसं उजाडायची वाट बघत बसली. फडताळातल्या डब्यात गोळ्यांची पाकिटं, न फोडलेली. "त्यांचं डोकं कधी दुखलंच न्हाई," बायको म्हणाली.

तिचं बीपी कुणी बघितलंय? "मला काय धाड भरलीया?" तरी बसवली. १४८/९२. एका मोजणीवर निदान करत नाहीत, गुरुवारी परत या म्हटलं.

"गुरुवारी बाजार असतो."

"मग बाजारातनं या."

ती नवऱ्याला कुशीवर वळवायला उठली. मी वहीत गुरुवारच्या पानावर तिचं नाव पेन्सिलीनं लिहिलं.