ॲप म्हणालं शेवाळ, निघाला प्राणी! आपल्या तलावातला स्पंज कसा ओळखाल?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाजवळ एक तलाव आहे. मार्चमध्ये त्याचं पाणी उतरलं, तेव्हा बुडालेल्या बाभळीच्या फांदीवर मला हिरवट, भोकाभोकांचा थर दिसला. मोबाइलने फोटो काढला. ओळखणाऱ्या ॲपने उत्तर दिलं, ‘शेवाळ’. मीही मान्य केलं. पण तो होता स्पंज, म्हणजे चक्क प्राणी!

स्पंज तर समुद्रात असतो ना?

बहुतेक समुद्रातच. जगात स्पंजच्या ९,०००हून जास्त प्रजाती माहीत आहेत. त्यातल्या जेमतेम दोनशेच्या वर गोड्या पाण्यात राहतात. मुंबईच्या तलावांतल्या स्पंजवर हेन्री कार्टर या डॉक्टरने १८४९ मध्येच लिहून ठेवलंय. भारतात ठिकठिकाणी सापडणाऱ्या ‘युनॅपियस कार्टेरी’ला त्याचंच नाव दिलंय.

हा जगतो कसा?

मेंदू नाही, हृदय नाही, पोटही नाही. बारीक छिद्रांतून पाणी आत येतं. आतल्या पेशी चाबकासारखे धागे हलवून ते पुढे ढकलतात आणि त्यातले जिवाणू अडवून खातात. गाळलेलं पाणी मोठ्या भोकातून बाहेर. थोडक्यात, जिवंत वॉटर फिल्टर! काहींच्या शरीरात शैवाल राहतं, म्हणून ते हिरवे दिसतात. ॲप फसलं ते इथेच.

काचेचा सांगाडा

बऱ्याच स्पंजचा सांगाडा सिलिकाच्या, म्हणजे काचेच्या, सुयांचा असतो. खोल समुद्रातल्या ‘व्हीनस फ्लॉवर बास्केट’चे काचतंतू प्रकाश वाहून नेतात, अगदी तुमच्या ब्रॉडबँडच्या फायबरसारखे. बेल लॅब्जच्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये हे दाखवलं. आपल्याला फायबर बनवायला धगधगती भट्टी लागते. स्पंज ते थंड पाण्यात बनवतो. ल्युकेमियावरच्या सायटाराबिन या औषधाची कल्पनाही कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजच्या रसायनांवरूनच सुचली.

तलाव आटला की?

मे महिन्यात परत गेलो. फांदी कोरडी, स्पंज मेलेला. पण त्यात खसखशीएवढे दाणे होते. त्यांना ‘जेम्यूल’ म्हणतात. शेतकरी बियाणं राखून ठेवतो, तसं स्पंजने जिवंत पेशी टणक कवचात बंद करून ठेवलेल्या असतात. पाऊस पडला, तलाव भरला की त्यातूनच नवा स्पंज उगवतो. म्हणून तलाव साफ करताना अशा फांद्या सरसकट जाळू नका.

ओळखायचं कसं?

१. फोटो झूम करा. बारीक छिद्रं आणि मधूनमधून मोठी भोकं दिसतात का?
२. काडीने हलकेच टोचून बघा. शेवाळ बुळबुळीत आणि तंतुमय असतं, स्पंज खरबरीत.
३. उघड्या हाताने चोळू नका. काचेच्या सुया टोचून खाज सुटते. हात डोळ्यांना तर अजिबात लावू नका.
४. जवळून एक, लांबून एक असे दोन फोटो काढा. तारीख आणि लोकेशन नोंदवून आयनॅचरलिस्टवर टाका. तिथे जाणकार माणसं फोटो बघतात.

ॲपचं उत्तर हा अंदाज असतो. या उन्हाळ्यात तलावावर गेलात, तर आधी भोकं शोधा, मग ॲपला विचारा.