आधी डबा, मग काठी

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. तिथून गाडीनं वीस मिनिटांवर मासेमारीच्या सामानाचं एक मोठं दुकान आहे. त्याच्या मागच्या भिंतीला शंभर-दीडशे रॉड उभे असतात, चिवारीच्या बेटासारखे दाट. प्रत्येकाच्या मुठीच्या वर बारीक अक्षरात त्याची कुंडली छापलेली: ७ फूट, मीडियम हेवी, फास्ट, लाईन १२ ते २० पाऊंड, ल्युअर पाव ते एक औंस. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी त्या भिंतीसमोर उभा होतो आणि माझ्या जॅकेटच्या खिशात, रुमालात गुंडाळलेला, एक जुना ल्युअर, म्हणजे खोटं आमिष, होता. टोचू नये म्हणून त्याच्या गळांना रबरबँड लावला होता, तरी एकानं अस्तर धरलंच.

ल्युअर सोबत न्यायचा सल्ला शेजारच्या आजोबांचा. वय ऐंशीच्या पुढे, जन्म टेक्ससातला. मी त्यांना तोंडावर ‘सर’ म्हणतो आणि मनात आबा. ‘रॉड घ्यायला निघालास ना, मग रॉडचा विचार करू नकोस,’ आबा म्हणाले होते. ‘कुठला ल्युअर टाकणार ते ठरव आणि तो घेऊन जा.’ चपला घ्यायला जाताना पाय घरी ठेवून कोण जातं, असं माझ्या आजीनं म्हटलं असतं.

सल्ला नवा नव्हता. मागच्या वर्षी मी तो कानाआड केला होता, त्याची किंमत लेक फोर्कवर मोजली. डॅलसच्या पूर्वेला दीडेक तासावरचं हे धरण. १९८० साली पाणी अडवलं तेव्हा बुडणारी झाडं बरीचशी तशीच उभी ठेवली आणि त्यात फ्लोरिडा वाणाचे बास मासे सोडले. आज तिथं बोट चालवायची म्हणजे बुडालेल्या रानातून वाट काढायची. थंडी ओसरताना, अंडी घालण्याआधी, मोठे मासे उथळाकडे सरकू लागतात. त्यांच्या वाटेवर मी नवा, चांगला महागाचा, ताठ रॉड घेऊन बसलो होतो. तो कुणी बनवला ते सांगत नाही, कारण चूक रॉडची नव्हती. मासा लागला, रॉडला हिसका बसला, मी दुप्पट जोरानं हिसका दिला. मासा पाण्याबाहेर आला, तोंड वासून डोकं झटकलं, आणि ल्युअर सुटून बोटीच्या कडेवर ठण्णकन आदळला. गळाच्या टोकाला नखाएवढं कातडं राहिलं होतं. आबांनी माझ्या रॉडचं टोक दोन बोटांनी वाकवून पाहिलं, सोडलं, आणि एवढंच म्हणाले, ‘ही पहार आहे.’

रॉडवर छापलेल्या त्या कुंडलीत दोनच ग्रह पाहायचे. एक, रॉड वाकायला किती जोर लागतो, म्हणजे त्याची पॉवर. दुसरा, तो कुठून वाकतो, म्हणजे ॲक्शन. फास्ट रॉड शेंड्याजवळ वाकतो, मॉडरेट अर्ध्यातून. दुकानात नवा माणूस पहिल्याकडे बघतो आणि दुसरा विसरतो. मीही तेच केलं होतं. क्रँकबेट नावाचा जो ल्युअर मी टाकत होतो, तो पोटफुगा, पुढं प्लास्टिकची जीभ असलेला. ओढला की जिभेच्या जोरावर तो डुबकी मारतो आणि अंग हलवत खाली जातो. त्याच्या पोटाला आणि शेपटीला ट्रेबल हुक, म्हणजे एकेका दांडीला तीन बारीक गळ. माशाच्या ओठात ते जेमतेम रुततात. रुतण्यासाठी जोर लागत नाही, रुतलेले टिकण्यासाठी मात्र रॉडनं प्रत्येक झटक्याला नमावं लागतं. पहारीला नमता येत नाही.

उलट रबरी गांडुळाला पहारच हवी. हे गांडूळ इथल्या मासेमारीतली फार मोठी क्रांती आहे आणि ती स्वयंपाकघरातून झाली. निक क्रीम नावाच्या ओहायोतल्या माणसानं १९४९ च्या सुमारास बायकोच्या मदतीनं घरच्या शेगडीवर प्लास्टिक वितळवून ते साच्यात ओतलं. पुढं क्रीमनं कारखाना टेक्ससात टायलरला हलवला. आमच्या लेक फोर्कपासून टायलर फार लांब नाही. या गांडुळात एकच जाड गळ असतो, आणि त्याचं टोक प्लास्टिकमध्येच लपवतात, म्हणजे बुडालेल्या फांद्यांत तो अडकत नाही. मासा लागला की ते टोक आधी प्लास्टिकमधून आणि मग माशाच्या हाडाच्या जबड्यातून पार जायला हवं. इथं मऊ रॉड घेतलात तर तुमचा सगळा जोर रॉड वाकवण्यातच जाईल. एकच मासा, एकच तलाव. आमिष बदललं की हातातली वस्तू उलटी हवी.

गावी आमच्याकडे हा प्रश्नच नव्हता. मालवणजवळच्या खाडीवर आम्ही गरवायला जायचो ते चिवारीची काठी, तंगूस, शिशाचा तुकडा आणि गळाला जिवंत सुंगट, म्हणजे कोळंबी, लावून. काठी माझ्या आजोबांनी तोडून दिलेली, तिची ॲक्शन देवाला ठाऊक. सुंगट खरं होतं, त्यामुळे काठीला अभिनय करावा लागत नव्हता. खोट्या आमिषात जीव ओततो तो रॉडचा शेंडा. माझ्या मते सगळा फरक इथं आहे, आणि म्हणूनच ल्युअर ठरल्याशिवाय रॉड ठरत नाही.

आबांच्या गॅरेजमधल्या जुन्या रॉडची लांबी जेमतेम साडेपाच फूट आहे आणि मूठ पिस्तुलासारखी. साठ-सत्तरच्या दशकात बासवाल्यांच्या हातात असेच रॉड असत. मग कॅलिफोर्नियाचा डी थॉमस लांबलचक रॉड घेऊन आला. १९७५ साली आर्कान्सातल्या बुल शोल्स तलावावर त्यानं जवळच्या झुडपांत ल्युअर अलगद सोडत स्पर्धा मारली, आणि लांबीची भीती गेली. त्याच दशकात काचतंतूंच्या जागी ग्रॅफाइट आलं. ग्रॅफाइट हलकं, ताठ, आणि चुगलखोर: तळाचा खडा कुठला आणि फांदी कुठली, ते तळहाताला लगेच कळवतं. गांडूळवाल्यांना ते वरदान ठरलं. क्रँकबेटवाले मात्र पुन्हा काचेकडे वळले, कारण काच उशिरा सांगते. मासा ल्युअर तोंडात घेऊन वळेपर्यंत तुम्हाला पत्ताच नसतो आणि तुमचा अधीर हिसका आपोआप चुकतो. उशिरा सांगणारी वस्तू जास्त दाम देऊन घ्यायची, हे घरी पटवणं अवघड गेलं.

दुकानात मी खिशातला ल्युअर काउंटरवर ठेवला. तिथला पोरगा विशीतला. त्यानं रबरबँड काढला, ल्युअर कानाशी नेऊन हलवला, आतले छर्रे खुळखुळले, आणि त्याचा चेहरा बदलला. ‘विगल वॉर्ट. जुना,’ तो म्हणाला. ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावच्या स्टॉर्म कंपनीचा हा क्रँकबेट. १९९९ साली ती रापाला कंपनीनं घेतली, आणि तेव्हापासून त्याआधीचे विगल वॉर्ट हुडकत फिरणारी एक जमातच तयार झाली. जुन्याचा आवाज वेगळा, चाल वेगळी, सरळ जाता जाता मध्येच वाट सोडून पुन्हा वळणारी, असं ही मंडळी शपथेवर सांगतात. मला दोन्हींतला फरक दिसतो, पण तो माशाला दिसतो का, यावर मी पैज लावणार नाही. माझा मातकट तपकिरी आहे, पोटाला नारिंगी झाक. आबांनी दिलेला. एका बाजूला रंग उडालाय, तिथं दातांच्या नाही, दगडांच्या खुणा आहेत.

मग निवड सुरू झाली. पोरानं भिंतीवरचे तीन रॉड काढले. मी घरून आणलेलं रीळ प्रत्येकावर चढवून पाहिलं, कारण नुसता रॉड हातात हलका लागतो आणि रीळ बसलं की शेंडा जड होऊन मनगट ओढू लागतो. रिळाच्या पुढं एक बोट ठेवून त्यावर रॉड तोलला. मग मूठ डोळ्याशी धरून बंदुकीसारखी नेम धरत वर पाहिलं: लाईन ज्यांतून जाते त्या सगळ्या कड्या एका रेषेत हव्यात. पहिल्याची चौथी कडी केसभर तिरकी होती, तो परत गेला. मग खिशातून कापसाची काडी काढून एकेका कडीच्या आतून फिरवली. कडीत तडा असला तर कापसाचा तंतू अडकतो, आणि जिथं कापूस अडकतो तिथं उद्या लाईन कापली जाते. शेवटी पोरानं शेंडा चिमटीत धरला आणि मी मूठ हळूहळू उचलली. दुसरा रॉड वरच्या हातभरातच वाकला आणि थांबला. तिसरा वाकत वाकत मधल्या कडीपर्यंत आला, झोपाळ्याच्या दोरीसारखा. काच आणि ग्रॅफाइट मिसळलेला, ७ फुटी, मीडियम, मॉडरेट. वजनाला दुसऱ्यापेक्षा जड. किंमत बघून मी क्षणभर दुसऱ्याकडे वळलो होतो, पण काउंटरवरचा तपकिरी ल्युअर माझ्याकडे बघत होता.

घरी आल्यावर डबा उघडून बसलो. रॉड मोडतात, विकले जातात. माझा एक पंख्याच्या पात्यात गेला, दुसरा गाडीच्या दारात. कुणी त्यांची आठवण काढत नाही. ल्युअर मात्र जीव लावतात. डब्यात एक झारा स्पूक आहे, मिशिगनमधल्या डॉवाजिॲकच्या हेडन कंपनीच्या घराण्यातला. त्याला जीभ नाही, आवाज नाही, नुसती सिगार. पाण्यावर टाकायचा आणि रॉडच्या शेंड्यानं ठेक्यात टिचक्या मारत राहायचं. मग तो नाक डावीकडे, उजवीकडे करत मारुतीच्या देवळातल्या पुजाऱ्यासारखा डुलत येतो. त्यासाठी रॉड आखूड लागतो, नाहीतर शेंडा पाण्याला लागून ठेका तुटतो. शेजारी रापाला, बोटभर, बाल्साच्या लाकडाचा. फिनलंडच्या लाउरी रापालानं १९३६ साली पहिला कोरला तो बुचाच्या लाकडातून, वर चॉकलेटची चांदी गुंडाळून, आणि लेप म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून. १९६२ साली अमेरिकेच्या ‘लाइफ’ मासिकात त्याच्यावर लेख आला, तो नेमका मेरिलिन मन्रोच्या मृत्यूनंतरच्या अंकात. अंक हातोहात खपला आणि फिनलंडच्या कोपऱ्यातल्या त्या लाकडी माशाला मागणी पुरवता येईना. माझ्या रापालाला तीन खाचा आहेत, तिन्ही माशांच्या. हवेत फेकला तर वाऱ्यानं परत येतो इतका हलका. नव्या रॉडवर तो कधीच जाणार नाही.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ‘बास’ या नावावरूनच तिचं आणि माझं पहिल्यांदा वाजलं होतं: ‘बास म्हटल्यार थांबूचा असता, गरवूचा नसता.’ मासा दिसतो मात्र आमच्या चोणकाच्या लांबच्या भावासारखा, तसाच मोठा जबडा. तिचा खरा आक्षेप वेगळा. इथं बहुतेक लोक मासा पकडून, मोजून, परत सोडतात. ‘मासो धरून सोडतंस? मगे गेलंस कित्याक?’

तिला मी जॉर्ज पेरीची गोष्ट सांगितली. २ जून १९३२, जॉर्जियातलं मॉन्टगोमेरी लेक, मंदीचे दिवस. पेरी हा गरीब शेतकरी. तो आणि त्याचा मित्र, दोघांत मिळून एक रॉड आणि एक ल्युअर. त्याला लागलेला बास २२ पाऊंड ४ औंस भरला, म्हणजे दहा किलोच्या वर. २००९ साली जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिता यानं त्याची बरोबरी केली, पण आजवर कुणी मागं टाकलेलं नाही. वजन करून पेरीनं मासा घरी नेला आणि घरच्यांनी खाल्ला. ‘शाणो माणूस,’ आई म्हणाली. टेक्ससचा विक्रम, १८.१८ पाऊंड, लेक फोर्कवरचाच, १९९२ च्या जानेवारीतला, आणि तो ज्याला मिळाला तो बासच्या मागावर नव्हताच. क्रॅपी नावाच्या छोट्या माशांसाठी जिवंत मासळी लावून बसला होता. या दोन्ही विक्रमवीरांच्या हातातल्या रॉडची पॉवर कुणी विचारत नाही. हे मी आईला सांगितलं नाही. रॉडची किंमतही नाही.

पुढच्या शनिवारी आबांबरोबर पुन्हा फोर्कवर गेलो. पहाटे दातखीळ बसेल एवढी थंडी, पाणी गढूळ हिरवं. मी नव्या रॉडला नवा विगल वॉर्ट बांधला. जुना खिशातच. ज्याच्यासाठी रॉड घेतला तोच पाण्यात टाकायला हात होईना, कारण खाली सगळं रान आणि या रानानं आबांचेच किती ल्युअर गिळलेत ते त्यांनाही मोजता येत नाही. आबांनी तासभर पाहिलं. मग न विचारता माझ्या खिशाकडे हात पुढे केला.

जुना टाकला. चौथ्या-पाचव्या फेकीत तो खाली कशावर तरी ठोकरला, आडवा झाला, मी रीळ थांबवलं, आणि पुन्हा फिरवायला गेलो तो पलीकडून ओलं पोतं ओढल्यासारखं नुसतं जड. हिसका नाही, टकटक नाही. रॉड मधल्या कडीपर्यंत वाकला. मासा दोनदा उसळला, दोनदा डोकं झटकलं, दोन्ही वेळा रॉड नमला आणि परत उभा राहिला. साडेचार पाऊंड. अठरा इंच भरला. इथं १६ ते २४ इंचांमधला मासा सोडावाच लागतो, त्यामुळे आईच्या प्रश्नाला त्या दिवशी तरी कायद्याचं उत्तर होतं.

पुढच्याच फेकीला ल्युअर बुंध्यात अडकला. आबांनी बोट नेमकी त्याच्या डोक्यावर नेली, लाईनवरून साखळी लावलेलं शिसं खाली सोडलं, दोनचारदा वर-खाली हिसडलं, आणि तो सुटून आला. जिभेचा डावा कोपरा तेवढा उडाला होता. पाण्यात ओढून पाहिलं तर आता सरळ न जाता डावीकडे कलंडत होता. आबांनी पक्कड दिली. नाकाशी जी तारेची कडी असते ती ज्या बाजूला ल्युअर पळतो त्याच्या उलट वाकवायची, अगदी किंचित, दिसणार नाही इतकी. मी उजवीकडे वाकवली, बोटीच्या कडेनं ओढून पाहिलं. अजून डावीकडे. पुन्हा वाकवली. आबांनी थर्मासमधली कॉफी ओतली आणि म्हणाले, ‘अजून थोडी.’