सिग्नलला थरथरणारी गाडी आणि ‘लीन’चा कोड

भिलाईत सुपेला चौकात गाडी सिग्नलला थांबते आणि थरथरू लागते. आरपीएमचा काटा खालीवर होतो, कधी इंजिन बंदच पडतं. जरा रेस दिली की सगळं सुरळीत. स्कॅनर लावला की कोड निघतो पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन आहे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. इथून पुढे अनेक गॅरेजमध्ये जे होतं ते मला मनापासून खटकतं. आधी ऑक्सिजन सेन्सर बदलतात, मग इंजेक्टर साफ करतात, मग गाडीतल्या फ्युएल पंपावर येतात. मालकाचे हजारो रुपये जातात आणि गाडी सिग्नलला तशीच थरथरते.

‘लीनचा कोड आला म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेला’ हा यातला सगळ्यात महागडा गैरसमज. सेन्सर फक्त खबर देतो : जळून आलेल्या धुरात ऑक्सिजन जास्त उरलाय. त्या खबरीवरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. ही वाढ किती टक्के, ते स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’ म्हणून दिसतं. शॉर्ट टर्म म्हणजे या क्षणाची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे ईसीयूने शिकून ठेवलेली. दोन्हींची बेरीज साधारण १० टक्क्यांच्या आत असावी. ती वाढत पंचविशीच्या आसपास पोचली की बऱ्याच गाड्यांत कोड पडतो. म्हणजे बहुतेक वेळा सेन्सर बिचारा खरंच सांगत असतो.

खरा धागा ‘आयडलिंगलाच का?’ या प्रश्नात आहे. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेच्या निम्म्याहूनही खाली जातो, त्यामुळे एखाद्या तडकलेल्या नळीतून किंवा सुकलेल्या गास्केटमधून हवा जोरात आत ओढली जाते. त्याच वेळी इंजिनाला हवा मात्र फार थोडी लागते. समजा छोटं इंजिन आयडलिंगला सेकंदाला अडीच ग्रॅम हवा घेतं आणि भेगेतून अर्धा ग्रॅम शिरतो. वाटा झाला पाचवा. हायवेवर तेच इंजिन पंचवीस ग्रॅम घेत असेल, तेव्हा अर्ध्या ग्रॅमला कोण विचारतो? म्हणून ट्रिम आधी आयडलिंगला वाचायची आणि मग २,५०० आरपीएमला. आयडलिंगला अधिक २५ आणि वर अधिक ४ दिसली, तर मोजमाप चुकवून हवा आत शिरतेय असं जवळजवळ नक्की समजा. मोबाइलशी जोडायच्या छोट्या ओबीडी रीडरवरही हे आकडे दिसतात.

फ्युएल पंप कमजोर झाला किंवा फिल्टर चोंदला, तर चित्र बहुधा उलटं असतं. आयडलिंगला पेट्रोल सगळ्यात कमी लागतं, तेवढं थकलेला पंपही पुरवतो. तो दगा देतो भरल्या गाडीने राजनांदगावकडे जाताना, ओव्हरटेकला पाय दाबल्यावर.

‘हे सगळं ई२० मुळे’, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे, असं हल्ली सर्रास ऐकू येतं, आणि त्यात थोडं तथ्य आहे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. त्यामुळे ई१० साठी हे प्रमाण १४.१ च्या आसपास येतं आणि ई२० साठी १३.५. ई१० वर बेतलेल्या जुन्या गाडीची ट्रिम त्याने चार-पाच टक्के वर सरकू शकते. पण ती सरकते सगळ्याच आरपीएमला. फक्त सिग्नलला थरथरणाऱ्या गाडीचा दोष ई२० च्या माथी मारला, तर फुटकी नळी तशीच राहते. जुन्या, इथेनॉलला न टिकणाऱ्या रबराचा प्रश्न वेगळा आणि खरा आहे.

इस्पात कारखान्यात भट्टीवर काम केलेल्या भिलाईकरांना हवा-इंधनाचं प्रमाण नव्याने शिकवायला नको. तरी एक खाचखळगा सांगायलाच हवा. ज्या गाडीत एअरफ्लो सेन्सर नसून मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे (आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या अशा आहेत), तिथे आत शिरलेली हवा दाबातून ईसीयूला कळते आणि तो त्या प्रमाणात पेट्रोलही देतो. तिथे हवा शिरल्याची खूण लीनपेक्षा चढलेलं आयडलिंग. अशा गाडीत ठळक लीन दिसलं तर इंजेक्टर आणि पेट्रोलचा दाब लवकर तपासावा.

शिवाय लीनचा भासही होतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला फट असेल, तर धुराच्या दोन ठोक्यांमध्ये बाहेरची हवा आत खेचली जाते. एखादा सिलिंडर मिस मारत असेल, तर त्याचा न वापरलेला ऑक्सिजन तसाच सेन्सरपुढे येतो. दोन्ही वेळा ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि मायलेज पडतं. तेव्हा आधी प्लग आणि कॉइल पाहा.

गळती शोधायला मॅनिफोल्डवर कार्ब क्लीनर फवारून आरपीएम बदलतो का ते पाहण्याची पद्धत जुनी आहे आणि ती चालते. पण तो स्प्रे पेट घेतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत, तापलेल्या एक्झॉस्टशेजारी हा प्रयोग मला मुळीच पटत नाही. पाण्याचा बारीक फवारा पुष्कळदा पुरतो, फक्त कॉइल आणि वायरिंगपासून दूर. स्मोक टेस्ट मिळाली तर सर्वोत्तम. ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची नळी, इंजेक्टरची ओ-रिंग, ऑइलचं झाकण, डिपस्टिक हे सगळं पाहा. कॅनिस्टरचा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का, ते त्याची नळी चिमटून लगेच कळतं. तपास थंड इंजिनावर सुरू करा. डिसेंबरच्या सकाळी आकसलेल्या रबरातली फट इंजिन तापल्यावर मिटलेली असते.

आणि ‘चेक इंजिनचा दिवा गेला म्हणजे काम झालं’ हे मानू नका. कोड पुसला की बहुतेक गाड्यांत शिकलेली ट्रिमही पुसली जाते, आणि दिवा काही दिवस गप्प राहतो. गाडी दोन-चार दिवस चालवा, मग इंजिन गरम असताना, एसी आधी बंद आणि मग चालू ठेवून, आयडलिंगची लाँग टर्म ट्रिम पुन्हा वाचा. ती दहाच्या आत टिकली असेल तरच बिल चुकतं करा.